अकरा पावलं तुझी, चौदा माझी

४ एप्रिल

ती. दादा,

नमस्कार. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं केलं असशील आणि वहिनीला म्हणाला असशील, "कोण गेलं बघ." कोणी गेलेलं नाही. कामाचं पत्र आहे.

विचारायचं एवढंच, की सतरा नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला छत्तीस फेरे लागतात की अडतीस? तू मला शिकवलंस तेव्हा छत्तीस म्हणाला होतास असं आठवतं. पण मी तो कधी बंद केलेलाच नाही. महिन्यातून एकदा जाते, दोन फेरे पुढे, दोन फेरे मागे, गंजून बसू नये म्हणून, आणि परत येते. दुसऱ्या कोणाला जागा माहीत नाही. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशात तो भर रस्त्यात दाखवलाय, आणि नकाशा काढल्यानंतर तो रस्ताच दोनदा सरकला आहे. मी आहे म्हणून चाललंय असं मी साहेबांना अधूनमधून ऐकवते. ते हसतात.

परवा हसले नाहीत. म्हणाले, खालच्या वस्तीचं पाणी बंद करायचं. मी विचारलं, का? "दुरुस्ती." कसली? साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "वरून आलंय. महिनाभरात वस्ती रिकामी व्हायला हवी. पाणी नसलं की आपोआप होईल." वस्तीच्या खटल्याचा कोर्टात निकाल लागला का? "लागेल." मग हे असंच्या असं लेखी द्या, म्हटलं. तर म्हणाले, "दुरुस्तीसाठी बंद, एवढं लेखी देतो."

चारशे घरं आहेत तिथं. तुला कशाला सांगू? त्यांच्यापायीच तुझी नोकरी गेली.

मी बंद करणार आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू उगाच आशेनं पुढचं वाचायला नको. मी चावीवाली आहे, न्यायाधीश नाही. नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य मी तुझ्या तोंडावर टाकलं होतं आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायला मी तयार नाही.

फेरे कळव.

७ एप्रिल

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काम झालं. काल सकाळी गेले, नऊ चाळीसला बंद केला. छत्तीसच आहेत, तू बरोबर होतास. नोंदवहीत लिहिलं: सतरा नंबर, पूर्ण बंद, नऊ चाळीस. खाली सही. साहेबांनी वही बघितली आणि मला चहा पाजला.

तुझी सवय माझ्यात अजून आहे. फिरवायच्या आधी व्हॉल्व्हवर बसवलेल्या चावीच्या लांब दांड्याला कान लावला. तू म्हणायचास, लोखंड खोटं बोलत नाही. खालून नळ उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत होते. एकीकडे भांडं भरत होतं. एक नळ नीट बंद होत नव्हता, त्याचा चाक फिरल्यासारखा बारीक सूर येत होता. चारशे घरांची सकाळ त्या दांड्यात चालली होती. मी किती वेळ ऐकत बसले मला माहीत नाही. मग उठले आणि काम केलं.

लेक आता एकोणीस वर्षांची आहे. तू गेलास तेव्हा तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसायची. तिनं रात्री जेवताना विचारलं, "आई, वस्तीचं पाणी तू बंद केलंस?" मी म्हटलं, हो, हुकूम आहे. ती ताटाकडे बघत म्हणाली, "पण माझी मैत्रीण म्हणते, थोडं थोडं येतंय." पाईपात साठलेलं असेल, मी म्हटलं. चार दिवसांत संपेल.

उगाच इतकं सविस्तर लिहितेय. तुला काय त्याचं. तुझ्यासारखं मी काही केलेलं नाही एवढंच तुला कळावं. तू वरच्या भागाचा व्हॉल्व्ह गुपचूप आवळलास, खालच्या वस्तीला पाणी पुरावं म्हणून, आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाहीस. त्याच आठवड्यात वर फर्निचरच्या कारखान्याला आग लागली. अग्निशमनवाल्यांनी नळी जोडली आणि नळीतून वारा आला. तिथला रखवालदार वाचला, पण त्याचा भाजलेला चेहरा मला अजून भाजी मंडईत दिसतो. तो मला ओळखत नाही. मी त्याला ओळखते.

१२ एप्रिल

दादा,

घड्याळ हॉस्पिटलात आहे.

घड्याळ म्हणजे तुझाच तो, तुझ्याबरोबर सहा वर्षं काम केलेला फिटर. साडेआठ म्हणजे साडेआठला दारात हजर, म्हणून तूच त्याला नाव ठेवलं होतंस. काल त्याला वस्तीच्या तोंडाशी पाठवलं, पाईपाचा जॉइंट सोडवून तिथं लोखंडी पत्रा बसवायला. म्हणजे पुन्हा कोणी व्हॉल्व्ह उघडला तरी पाणी जाऊ नये. मला कोणी सांगितलं नाही. मला सांगायचं कारणही नव्हतं. त्यानं निघताना नोंदवही बघितली. आपल्यात पद्धतच आहे ती, तूच मला पहिल्या दिवशी सांगितली होतीस: बंद केलेल्याची सही असेल तरच पाईपाला हात लावायचा, आणि सही असेल तर दुसरं काही विचारायचं नाही.

माझी सही होती.

खड्डा छातीएवढा. चार बोल्ट निघाले. पाचवा अर्धा फिरला आणि जॉइंट उडाला. पाण्यानं त्याला खड्ड्याच्या भिंतीवर आपटलं, वर पाईपाचं तोंड खांद्यावर बसलं. वस्तीतल्याच लोकांनी त्याला बाहेर ओढला. त्यांनीच भिजत, घसरत जॉइंट पुन्हा आवळला. आता तिथं गळतंय, पण पाणी येतंय.

तुला कळलं असेलच. तू तर मागच्या पत्रातच ओळखलं असशील, मी उगाच एवढं लिहीत बसले. मी सतरा नंबर बंद केला नव्हता. तीस फेरे फिरवले आणि थांबले. सहा राहू दिले. तो बिघडलेला नळ बारीक सुरात वाजतच होता, दादा, तीस फेऱ्यांनंतरसुद्धा, आणि माझे हात पुढे जाईनात. मी स्वतःला सांगितलं, धार बारीक राहील, वस्ती कशीबशी तग धरेल, खात्याला कळणार नाही, माझीही नोकरी राहील, सगळ्यांचंच भागेल. केवढी हुशारी! दहा वर्षं चावी फिरवणाऱ्या बाईला एवढंही सुचू नये, की सहा फेऱ्यांतून धार बारीक येते, पण नळ मिटले की पाईपात जोर पूर्ण चढतो. नवख्या माणसाकडून ही चूक झालीच नसती. त्याला सहा फेरे राखून ठेवायचं सुचलंच नसतं.

मी त्या दिवशी तुला "पूर्ण बंद" असं लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण वहीत लिहिलं होतं ना, मग पत्रातही तेच आलं.

१४ एप्रिल

दादा,

काल त्याला भेटून आले. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. ते जुळेल. उजव्या हाताची दोन बोटं मात्र हलत नाहीत, आणि ती हलतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. फिटरचा उजवा हात आहे तो.

मी संत्री घेऊन गेले होते. सोलत बसले, कारण वर बघायची हिंमत नव्हती. तो म्हणाला, "व्हॉल्व्ह जुना आहे, पूर्ण बसला नसेल. होतं असं." मला ती पळवाट किती गोड वाटली तुला सांगू? हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी म्हटलं, "बसला नाही असं नाही. मीच सहा फेरे ठेवले होते."

 मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"का?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला गोत्यात कशाला आणायचं म्हणून."

"आता कुठं आहे मी?" तो म्हणाला आणि हसला, आणि हसताना खांदा दुखला म्हणून कण्हला. मग म्हणाला, "त्या वस्तीत माझी मावशी राहायची. तू वहीत लिहिलं असतंस ना, 'बंद केला नाही', तर मी त्या बोल्टला पाना लावला नसता. कदाचित मीही म्हटलं असतं, जा, मी पत्रा बसवत नाही. किंवा नसतं म्हटलं. पण ते माझं मी ठरवलं असतं. तू मला ठरवायलाच ठेवलं नाहीस."

  घरी येताना त्या रखवालदाराची आठवण झाली. तू अग्निशमनवाल्यांना एक चिठ्ठी पाठवली असतीस, वरचा नळ कोरडा आहे, मी केलाय, तर त्यांनी बंब भरून आणला असता. तुझी नोकरी गेलीच असती. त्याचा चेहरा राहिला असता.

आज साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. १६ तारखेला चौकशी आहे. त्यांच्यापुढे टाइप केलेला कागद होता: व्हॉल्व्ह जीर्ण असल्याने पूर्ण बंद झाला नाही, चावीवालीचा दोष नाही, फिटरने काम सुरू करण्यापूर्वी स्वतः खात्री करून घ्यायला हवी होती. खाली माझ्या सहीला जागा.

"म्हणजे दोष घड्याळाचा?" मी विचारलं.

"त्याला समज देऊन सोडू. तुम्ही फक्त उद्या जागा दाखवा. बंद दुसरा माणूस करेल. तुमचा हातही लागायला नको."

 जागा उद्या दाखवणार नाही, हे तुला आजच सांगतेय. पण १६ ला काय बोलेन ते माहीत नाही. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे.  तू चौकशीच्या आदल्या रात्री काय केलं होतंस? मी शेजारच्या खोलीत होते आणि मला माहीत नाही.

१६ एप्रिल, संध्याकाळ

दादा,

खोली तीच. पंखासुद्धा तोच, खडखडणारा. तू बसला होतास त्या खुर्चीचं एक हँडल गेलंय. समोर तिघं, साहेब कडेला.

वाचून दाखवायला त्यांनी मला तो टाइप केलेला कागद दिला. मी म्हटलं, हा माझा नाही. मग तोंडी सांगितलं. सतरा नंबर ठीकठाक आहे. मी तीस फेरे फिरवले, सहा ठेवले, आणि वहीत खोटं लिहिलं. फिटरनं नियमाप्रमाणे माझ्या सहीवर विश्वास ठेवला. त्याचा हात माझ्यामुळे गेला. याची जी शिक्षा असेल ती मला द्या, मी वरती दाद मागणार नाही.

मधले गृहस्थ वयस्क, चष्मा कपाळावर. त्यांना वाटलं असावं संपलं. मी म्हटलं, अजून एक आहे. मग नोंदवही मागितली आणि त्यांच्यासमोर माझ्या जुन्या नोंदीवर एक सरळ रेघ मारून खाली लिहिलं: सतरा नंबर चालू. निकाल न लागता वस्तीचं पाणी तोडण्याचा हुकूम मला मान्य नाही. मी बंद करणार नाही, जागाही दाखवणार नाही. या लाईनवर पाण्याचा जोर आहे, कोणीही जॉइंटला हात लावू नये. तारीख, वेळ, सही.

 अक्षर बघशील तर हसशील.

साहेब पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. "उद्या प्रत्येक जण आपापल्या मनाला वाटेल तशी चावी फिरवायला लागला तर शहराला पाणी मिळेल का?"

दादा, हा माझाच प्रश्न. नऊ वर्षांपूर्वी त्याच खोलीत, जवळजवळ याच शब्दांत. आणि प्रश्न खोटा नाही. मी म्हटलं, "साहेब, नाही मिळणार. मनाला वाटेल तशी मी आठवडाभर फिरवली, त्याचं काय झालं ते हॉस्पिटलात आहे. म्हणून तर आता तोंडावर सांगतेय. माझं चुकत असेल तर मला धरा. मी इथंच बसलेय."

चष्मेवाल्यांनी विचारलं, "आणि तुमच्या नाही म्हणण्यानं कोणाला आणखी इजा झाली तर?"

होऊ शकते, मी म्हटलं. म्हणून जोर आहे असं लिहिलंय. त्यापुढचं मला माहीत नाही.

निलंबित झाले. कागद हातात दिला, चावी जमा करून घेतली.

आता एक गोष्ट. ती लिहायला नऊ वर्षं लागली आणि मघापासून मी इकडंतिकडं करतेय. तुझ्या चौकशीत मी खरं सांगितलं, तू व्हॉल्व्ह आवळलास हे सांगितलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, पुन्हा सांगेन. पण त्यांनी मला शेवटी विचारलं होतं, "याला असं परस्पर करायची सवय आहे का?" आणि मी हो म्हटलं. तुला तशी सवय नव्हती. बावीस वर्षांत तू एकदाच तसं केलंस. नवरा नुकताच गेला होता, त्याच्या जागेवर मला घेतलं होतं, लेक लहान होती, आणि तुझी बहीण म्हणून मलाही काढतील या भीतीनं मी ते एक वाक्य जोडलं. तुला एक वर्ष घरी बसवलं असतं. त्या वाक्यानं कायमचं बसवलं. तू दाराबाहेरच्या बाकावर होतास. तुला ऐकू गेलं होतं हे मला तुझ्या पाठीवरून कळलं. तेव्हापासून आपण बोललो नाही, आणि लोकांना मी सांगत आले, की मी खरं बोलले म्हणून भाऊ रुसला.

२१ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आज आलं. तारीख ९ एप्रिलची. माझी पुढची पत्रं मिळायच्या आधीच टाकलं असशील. दोन ओळी: "छत्तीसच. शेवटचे दोन घट्ट आहेत, मनगट सांभाळ."

मी कार्ड उलटं करून बघितलं. मागे काही नव्हतं. "बंद कर" नाही, "करू नकोस" नाही, "तुला लाज वाटते का" असंही नाही. ज्या वस्तीसाठी तुझं सगळं गेलं तिचं पाणी तोडायला मी फेरे विचारले, आणि तू फेरे सांगितलेस. लेक म्हणाली, "मामाला काहीच वाटत नाही का गं?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि मग तिला सांगितलं, की मामाला काय वाटतं ते मला चांगलं माहीत आहे.

इथली हकिकत अशी. सतरा नंबर शोधायला, जुना रस्ता जिथून जायचा त्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत चार दिवस खणताहेत. लोखंड शोधायचं यंत्र आणलं. तिथं पन्नास वर्षांचे खिळे पडलेत, ते यंत्र ओरडून ओरडून बिचारं दमलं. टाकीवरून बंद करावं तर हॉस्पिटल कोरडं पडतं. घड्याळाच्या जागी आलेल्या फिटरनं वही वाचली आणि विचारलं, हे मी वाचलं नाही असं करता येईल का? येणार नाही म्हटल्यावर घरी गेला. कोर्टाची तारीख ५ मेची आहे. तोवर पाणी टिकलं तर वस्ती टिकेल. घड्याळाचं एक बोट काल जरासं हललं. दुसरं नाही.

आणि आता तुझ्याबद्दल. साहेबांना कोणीतरी सांगितलंय, की तो व्हॉल्व्ह मला तू दाखवलास. या आठवड्यात ते तुझ्याकडे येतील. गाडी घेऊन येतील, गोड बोलतील, जुनी फाईल उघडता येईल म्हणतील.

दोन गोष्टी विचारतील. पहिली माझ्याबद्दल: ही बाई खोट्या नोंदी करते का? केली, असं सांग. सवय आहे का, असंही विचारतील. त्यावर तू जे म्हणशील ते मला मान्य आहे.

दुसरी, जागा. कुठून मोजायचं ते मी इथं लिहीत नाही, पत्रं कोणीही उघडू शकतं. अकरा पावलं तुझी, चौदा माझी, एवढं तुला पुरे. तुला शपथ घालायला मी दोनदा पेन उचललं आणि दोनदा ठेवलं. चारशे घरं आहेत, पण रखवालदारही आहे आणि घड्याळाचं ते बोटही आहे. तू एकदा पोळला आहेस. सांगावंसं वाटलं तर सांग, मी तुला वैरी मानणार नाही. तू मला फेरे सांगितलेस आणि बाकीचं माझ्यावर सोडलंस. मीही सोडते.

फक्त "आठवत नाही" म्हणू नकोस, दादा. तुला आठवतं. आठवतं आणि सांगतो म्हण, नाहीतर आठवतं आणि सांगत नाही म्हण. काय म्हणशील ते त्यांच्या तोंडावर म्हण, आणि खाली सही कर.

तुझी,
बहीण